गुरुजींनी वाचून दाखवावे

"म्हणजे मॅडम, आमच्या कार्यक्रमामुळं पोरं जास्त घाबरट झाली, असं म्हणून राहिलात का तुमी?"

जाधव सरांनी माझ्या रिपोर्टचं चौथं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. पानावर एकच आलेख होता. आलेखात दोन रेघा, एक जवळजवळ आडवी आणि एक चढती. चढती रेघ त्यांच्या शाळांची होती, आणि ती भीतीची रेघ होती.

"मी नाही म्हणत सर, आकडे म्हणतात."

हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा वापरलं आहे. ते म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि आपल्याला खुर्चीत जरा ताठ बसता येतं. जाधव सर मात्र गप्प झाले नाहीत.

"मग आकडे परत मोजा."

"तीनदा मोजलेत."

हिंगोलीतल्या त्यांच्या संस्थेच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो. मार्चचा दुसरा आठवडा होता. जाधव सर संस्थेचे संचालक. मी बाहेरून बोलावलेली मूल्यमापक. चोवीस वर्षं परभणीच्या एका बी.एड. कॉलेजात मी शैक्षणिक मानसशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हे काम घेतलं. एखादी संस्था मुलांसाठी काही चांगलं करते. त्याचा खरंच उपयोग झाला का, हे तिसऱ्या कुणीतरी तपासून सांगायचं असतं. ते तिसरं कुणीतरी म्हणजे मी. लग्नात दोन्हीकडची मंडळी ज्याला आग्रहानं वाढतात, पण ज्याच्यासमोर कुणी मोकळं बोलत नाही, असा एखादा पाहुणा असतो. आमचं काम तसलं.

तिसरी होती वैशाली. आखाडा बाळापूरची. डी.एड. करून पाच-सहा वर्षं शिक्षक भरतीची वाट पाहिली आणि शेवटी या संस्थेत लागली. ज्या कार्यक्रमाचा रिपोर्ट टेबलावर होता, तो बारा शाळांमध्ये ती एकटी चालवत होती. रोज दोन शाळा, स्कूटीवर. ती कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘चुकीचा तास’. औंढा आणि कळमनुरी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास. मुलं गोल करून बसायची. या आठवड्यात आपलं काय चुकलं आणि मग आपण काय केलं, ते ज्याला वाटेल त्यानं सांगायचं. सुरुवात वैशाली स्वतःच्या चुकीपासून करायची. कुणी हसायचं नाही, कुणी लिहून घ्यायचं नाही, बाहेर कुणाला सांगायचं नाही.

यामागचं शास्त्र साधं आहे. चुकायची भीती बसलेलं मूल येत असलेलं गणितही सोडवायला घेत नाही. डोक्यातली जी जागा गणिताला लागते, तिथं भीती पथारी पसरून बसलेली असते. भीती उठली की गणिताला जागा मिळते. अशा कामाला आमच्या क्षेत्रात ‘इंटरव्हेन्शन’ म्हणतात. नाव भारदस्त आहे. काम म्हणजे गोल करून बसणं.

भीती मोजायची कशी? त्यासाठी मी बारा विधानांचा एक कागद केला होता. "फळ्यावर बोलावलं की माझ्या पोटात गोळा येतो." "उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नाही." प्रत्येक विधानापुढे पाच चेहरे, पहिला हसरा आणि शेवटचा रडका. हसरा म्हणजे ‘मला असं कधीच होत नाही’, रडका म्हणजे ‘नेहमी होतं’. मुलानं एका चेहऱ्याभोवती गोल करायचा. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी जुलैत एकदा भरून घ्यायचा, त्याला बेसलाइन म्हणतात. संपताना मार्चमध्ये पुन्हा भरून घ्यायचा, ती एंडलाइन. शिवाय जिथं हा तास होत नाही अशा आणखी बारा शाळांतही तोच कागद दोन्ही वेळा भरून घेतला होता. नुसतं वय वाढल्यानं काही बदललं असेल तर ते या तुलनेच्या शाळांत दिसतं. पुस्तकातली पद्धत मी पुस्तकाप्रमाणे वापरली होती आणि मला तिचा जरा अभिमानही होता.

निकाल असा आला: तुलनेच्या शाळांत भीती जुलैत कमी होती, मार्चमध्येही कमीच. कार्यक्रमाच्या शाळांत जुलैत कमी होती आणि मार्चमध्ये स्पष्ट वाढली होती.

कार्यक्रमाला मदत देणारी कंपनी पुण्याची होती. पुढच्या वर्षी हा तास दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या शाळांत न्यायचा की बंद करायचा, हे माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं. दोन आठवड्यांनी मीटिंग होती. बंद झाला असता तर बारा शाळांतला तास गेला असता आणि वैशालीचं कामही.

तीच शेवटी बोलली. "मॅडम, मार्चचं बराबर हाय. जुलैचं खोटं होतं."

मला राग आला. प्रत्येक संस्थेत हे वाक्य मला ऐकायला मिळतं. निकाल चांगला आला की माझी प्रश्नावली उत्तम असते. वाईट आला की प्रश्नावलीतच खोट निघते.

"कशावरून?" मी विचारलं.

"पोरंच सांगून राहिले. ताई, तवा आमी खोटं लिवलं होतं."

"मग तुलनेच्या शाळांतल्या पोरांनीही खोटंच लिहिलं असेल की. तिथली रेघ का नाही चढली?"

"ते अजून बी खोटंच लिहून राहिलेत ना, मॅडम."

जाधव सर हसले. मी कागदांचे गठ्ठे मागवले.

इथं एक कबुली द्यायला हवी. तोपर्यंत मी कागद पाहिलेच नव्हते. कागद शाळांतून ऑफिसात आले, डेटा एंट्री करणाऱ्या मुलीनं ते कॉम्प्युटरवर चढवले आणि माझ्याकडे आली ती एक्सेल शीट. मी सरासरी पाहिली, फरक पाहिला. कागद पाहायची गरज वाटली नाही.

दुपारभर मी ते गठ्ठे चाळले. मार्चच्या कागदांवर जागोजागी पिवळे अंगठे उमटले होते. घरोघरी हळद शिजवायचे दिवस होते आणि मुलांचे हात त्यातच होते. जुलैचे कागद स्वच्छ होते, जरा जास्तच स्वच्छ. सिद्धेश्वरच्या बाजूला एका तांड्यावरची शाळा घ्या. सहावीचा पूर्ण वर्ग. प्रत्येक मुलाचा कागद सारखाच. बारा विधानं, बारा हसरे चेहरे, एकाखाली एक गोल. एकाही मुलाला कशाचीच भीती नाही. असा वर्ग या पृथ्वीवर नसतो. आणि हे फक्त त्या एका शाळेत नव्हतं. चोवीसपैकी बहुतेक गठ्ठे असेच होते.

मार्चमध्ये तुलनेच्या शाळांचे गठ्ठे पुन्हा तसेच, हसऱ्या चेहऱ्यांच्या सरळ रांगा. कार्यक्रमाच्या शाळांचे मात्र विस्कटलेले. कुठं हसरा, कुठं रडका, खोडलेलं, पुन्हा गोल केलेलं.

सरासरीनं मला हे सांगितलं नव्हतं. सरासरी कधीच असलं काही सांगत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे.

"उद्या शुक्रवार," वैशाली म्हणाली. "तांड्यावरच्याच शाळेचा नंबर हाय. चला तुमी."

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटीवर मागे बसून गेले. या वयात तो प्रवास वर्णन करण्यासारखा नाही. कालव्याकाठच्या रस्त्यानं माझी कंबर तासाभरात खिळखिळी झाली. शाळेत सोळंके गुरुजींनी स्वागत केलं. उंच, दणकट माणूस, पन्नाशीचा. तांड्यावर सतरा वर्षं एकाच शाळेत. मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात म्हणून ते स्वतः ती शिकले होते. अशी माणसं कमी असतात, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून त्यांच्याबद्दल गैरसमज होईल.

खुर्ची आली, चहा आला. गुरुजी नाराज दिसत होते.

"मॅडम, मार्चचे पेपर बिघडले म्हणतात आमचे. जुलैत बघा, काय पेपर दिले होते माझ्या पोरांनी! एकालाबी भीती न्हाई. मी आधीच बजावून ठेवलं होतं. पाहुण्यांचा कागद हाय, शाळेची इज्जत हाय, नीट लिवा."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे आता ते पोटात गोळा येतो असं वाचलं, की मी इचारायचो, काय रे, आपल्या वर्गात येतो का कुणाच्या पोटात गोळा? पोरं म्हणायचे, न्हाई गुरुजी. मग सांगायचो, तर मग करा पयल्या चेहऱ्याला गोल."

हे ते अभिमानानं सांगत होते. लपवण्यासारखं काही आपण केलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि का असावं? शाळेत गाडी आली की तपासणी असते. तपासणीला मुलांनी एका सुरात, मोठ्यानं, बरोबर उत्तर द्यायचं असतं. सतरा वर्षं त्यांनी मुलांना हेच शिकवलं होतं आणि वरून येणारा प्रत्येक साहेब त्यावर खूश होऊन गेला होता. माझा कागद त्यांच्या हिशेबी आणखी एक तपासणीच होती.

"आणि मार्चमध्ये?" मी विचारलं.

"त्याबी वेळेला तेच सांगितलं. एका शब्दाचा फरक न्हाई." त्यांचा आवाज उतरला. "पण ह्या खेपेला पोरं ऐकूनच न्हाई राहिले. खाली मान घालून आपापलं लिहीत बसले. काय झालं ह्या लेकरांना, तेच कळंना."

मी वैशालीकडे पाहिलं. ती चहात बघत होती.

गुरुजींनी कागद वाचून का दाखवला, हे मी त्यांना विचारू शकत नव्हते, कारण तसं मीच लिहून दिलं होतं. सूचनापत्रक माझं. त्यातली तिसरी ओळ: ‘सर्व विधाने गुरुजींनी स्पष्ट आवाजात वाचून दाखवावीत.’ तेव्हा माझा विचार असा होता की, तांड्यावरच्या मुलांना परभणीहून आलेल्या अनोळखी माणसाचं बोलणं समजणार नाही. ओळखीचा आवाज बरा. ज्या आवाजाची भीती मोजायची, त्याच आवाजात मी भीतीचे प्रश्न विचारायला लावले होते.

समोरच्याला आवडेल तेच उत्तर द्यायची माणसाची सवय असते. प्रश्नावलीत तिला फार जपावं लागतं. या विषयावर बी.एड.ला अख्खं प्रकरण आहे आणि ते मी चोवीस वेळा शिकवलं आहे. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्नही काढायचे.

"तुमीच चला वर्गात," गुरुजी म्हणाले. "बघा, घाबरट दिसतात का."

आम्ही गेलो. मुलं उभी राहिली, एका सुरात नमस्ते म्हणाली, बसली. गुरुजी दाराशी थांबले. आणि मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. त्यांच्यासमोरच विचारलं, "चुकायची भीती कुणाला वाटते?"

पुढच्या दोन रांगांतून सवयीनं "न्हाई मॅडम" आलं, पण अर्धवट. मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. काजल तिचं नाव, सहावीतली.

"मला वाटते."

"कशाची गं?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "गुरुजी मोठ्यानं बोलले की मला येतं ते गणित बी येत न्हाई."

माझ्या पुस्तकात जे दोन पानांत आहे, ते तिनं एका वाक्यात सांगितलं. पण त्या क्षणी मला पुस्तक आठवलं नाही. आम्ही तर निघून जाणार होतो. तिला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचं होतं.

गुरुजी वळून बाहेर गेले.

पाण्याच्या टाकीजवळ मी त्यांना गाठलं. चेहरा लाल झाला होता.

"दोन वर्षं झाली मॅडम, छडी हातात घेतली न्हाई मी. मग भ्यायचं काहून?"

"ती छडीबद्दल बोलली नाही, गुरुजी."

"आमचा आवाजच हाय असा. त्याला काय करावं?" थोडं थांबून म्हणाले, "तिचं तर तोंडावरच कळलं. बाकी कुणी कुणी लिवलं तसं? नावं सांगा. मी काय त्यांना खाऊन न्हाई टाकणार."

"कागदावर नावं नाहीत. असती तरी दिली नसती."

"मुख्याध्यापक मी हाय शाळेचा."

"म्हणूनच."

त्यांनी टाकीची तोटी घट्ट आवळली. मग "चहा घेतला ना पुरता?" असं विचारून वर्गात गेले.

परतताना वैशालीनं वाटेत स्कूटी थांबवली. "मॅडम, तुमी ते सगळ्यांसमोर इचारायला नव्हतं पायजे."

"हो. चुकलं माझं."

"मी पोरांना सांगून ठेवलंय, इथलं बाहेर जात न्हाई. काजलला उद्या काही तकलीफ झाली, तर पोरं माझ्यावर पुन्हा भरोसा ठेवणार न्हाईत. तुमचा रिपोर्ट राहू द्या, माझा तास तिथंच संपला."

मला लाज वाटली. एवढंच लिहिते.

तिनं पुढे रोज त्या शाळेत फोन करून काही ना काही निमित्त काढलं. दोन दिवस गुरुजी काजलशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले. काय बोलले ते काजलनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण ती रोज शाळेत येत होती.

हातात नऊ दिवस होते. मी सहा शाळा निवडल्या. तीन कार्यक्रमाच्या, तीन तुलनेच्या. या वेळी शिक्षक वर्गाबाहेर. माझी एक जुनी विद्यार्थिनी स्वतः तांड्यावर वाढलेली. तिच्या आवाजात विधानं मराठीत आणि गोरमाटीत रेकॉर्ड करून घेतली. मुलानं एकट्यानं व्हरांड्यात बसायचं, हेडफोन लावून ऐकायचं, गोल करायचा, कागदाची घडी करून बिस्किटाच्या डब्याला पाडलेल्या फटीतून आत टाकायची. डब्यावर फक्त शाळेची खूण. कार्यक्रमाच्या शाळांत मुलं वैशालीला ओळखत होती. तिला पाहून ती तिच्या सोयीचं लिहितील, म्हणून तिलाही मी फाटकाबाहेर ठेवलं.

"माझ्यावर बी भरोसा न्हाई का?" ती चिडून म्हणाली.

"माझा माझ्यावरही राहिला नाही सध्या."

नरसीच्या रस्त्यावरच्या एका तुलनेच्या शाळेत तर मुख्याध्यापिका बाई खिडकीतून डोकावून मुलांना खुणा करत होत्या. त्यांना मी ऑफिसात नेऊन शाळेचा इतिहास विचारत बसले. इतिहास दीड तास चालला, तोवर पोरांचं लिहून झालं.

डबे उघडले. या वेळी एकही कागद मी कुणाला दिला नाही, सगळे स्वतः पाहिले. तुलनेच्या शाळांतल्या हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा मोडल्या होत्या. गुरुजी बाजूला झाल्याबरोबर तिथल्या मुलांची भीती कागदावर उतरली होती. कार्यक्रमाच्या शाळांतले कागद मात्र थोड्याच दिवसांपूर्वी गुरुजींसमोर भरलेल्या कागदांसारखेच होते. म्हणजे तिथली मुलं गुरुजी असताना आणि नसताना एकच उत्तर देत होती.

वैशाली म्हणाली होती ते खरं होतं. माझी चढती रेघ भीती वाढल्याची नव्हती. नऊ महिने तिनं मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि खरं बोलल्याबद्दल मी तिचे मार्क कापले.

जाधव सरांना फोनवर सांगितलं तर त्यांचा आवाज एकदम खुलला. "बघा! मग मॅडम, आता लिहून टाका, कार्यक्रमामुळं भीती कमी झाली."

"ते लिहिता येणार नाही."

"काहून?"

मी समजावलं. भीती कमी झाली की नाही हे सांगायचं, तर आधी किती होती हे माहीत हवं. जुलैचं माप खोटं. मग वजाबाकी कशातून करायची? व्हरांड्यातल्या कागदांत कार्यक्रमाची मुलं एक-दोन विधानांत जरा बरी दिसत होती. हात वर करण्याबद्दलच्या विधानात विशेष. बाकीच्यांत फरक नव्हता. तीन-तीन शाळांवरून त्याचा डंका पिटता येत नाही.

"मग लिहिणार काय तुमी?"

"मुलं खरं सांगायला लागली, हे दिसतं. भीती कमी झाली का, ते माहीत नाही. आणि ते माहीत नसण्याचं कारण मूल्यमापकाची चूक."

ते म्हणाले, "मॅडम, माहीत न्हाई हे आमाला बी सांगता आलं असतं. त्यासाठी तुमाला कशाला बोलावलं?"

राग योग्य होता. मी रात्रभर विचार केला असता, पण रिपोर्ट संध्याकाळीच पाठवायचा होता. दोन वाक्यं बदलली असती तर सगळे खूश होते. कंपनीला यश मिळालं असतं, संस्थेला दोन्ही तालुके, वैशालीला नोकरी, आणि माझी चूक कुणाला कळलीही नसती. मी वैशालीला फोन केला. तिला आधी कळावं असं वाटलं.

"यानं तुझं काम जाऊ शकतं," मी म्हटलं.

"घरी काय सांगू, ते बघते मी," म्हणाली. मग म्हणाली, "पण काजलनं गुरुजींसमोर उभं राहून सांगितलं मॅडम. आता तुमी खोटं लिवलं तर मी त्या वर्गात कोणत्या तोंडानं जाऊ?"

रिपोर्ट तसाच गेला.

मीटिंग व्हिडिओ कॉलवर झाली. पुण्याहून कंपनीच्या एक बाई होत्या. घाईत होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, बोर्डाला एक लाइन लागते. वर्क झालं की नाही झालं?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते नसण्याला मी जबाबदार आहे. बेसलाइन मी चुकीच्या पद्धतीनं घेतली."

त्यांनी चष्मा काढला. असं वाक्य त्यांनी मीटिंगमध्ये बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. जाधव सर टेबलाकडे बघत होते.

निकाल आठवड्यानं कळला. दोन्ही तालुक्यांची योजना रद्द. आहे त्या बारा शाळांत आणखी एक वर्ष, नव्या बेसलाइनसह. वैशालीला एक वर्ष मिळालं, पगारवाढ न मिळता. नव्या मूल्यमापनाचं काम पुण्याच्या एका एजन्सीला गेलं. "मॅडम फार प्रामाणिक आहेत," असं जाधव सर माझ्याबद्दल म्हणाल्याचं कानावर आलं. आमच्या क्षेत्रात असं कुणी म्हणालं की पुढचं काम मिळणार नाही, असं समजावं.

पुढच्या जुलैत एका दुपारी वैशालीचा फोन आला.

"मॅडम, एजन्सीची माणसं आलीत. त्यांच्या सूचनांत बी तेच हाय. विधानं शिक्षकांनी वाचून दाखवावीत."

मी कपाळाला हात लावला. "माझा रिपोर्ट दाखव त्यांना. सातवं पान, माझी चूक तिथंच लिहिली आहे."

"सांगितलं. ते म्हणले, तो रिपोर्ट आमाला कुणी दिलाच न्हाई. आमच्याकडं जे छापलंय त्याच्याबाहेर जाता येत न्हाई."

"मग? भरून घेतले कागद?"

"न्हाई. सोळंके गुरुजींनी घेऊ दिले न्हाईत." तिला हसू आवरत नव्हतं. "त्या माणसानं कागद पुढं केला, तर गुरुजी म्हणले, मी न्हाई वाचणार. मी वाचलं की माझी पोरं खोटं लिवतात. आन् खुर्ची घेऊन फाटकाबाहेर जाऊन बसले."

सतरा वर्षं ज्यानं शाळेची इज्जत सांभाळली, त्या माणसानं हे वाक्य पाहुण्यांसमोर, आपल्या मुलांच्या देखत म्हटलं होतं. मला माझी चूक कबूल करायला व्हिडिओ कॉल आणि सातवं पान लागलं होतं.

एजन्सीनं नंतर सगळ्याच शाळांत शिक्षकांना बाहेर बसवलं. निकाल काय येईल ते येईल. कार्यक्रमानं भीती कमी होत नाही असंही निघू शकेल, आणि निघालं तर ते मान्य करावं लागेल, वैशालीलाही आणि मलाही.

मी अजून अधूनमधून अशी कामं घेते. आता कुठलीही प्रश्नावली हातात आली की विधानं नंतर वाचते. आधी पाहते, ती मुलांना कोण वाचून दाखवणार आहे.